कॅमेऱ्याची पिशवी कुणाच्या पाठीवर?

आज आम्ही बोलणार आहोत मोटारसायकलवरून कॅमेरा कसा न्यायचा त्याबद्दल. हसू नका. आपल्या गावांत लग्नाचे, बारशाचे फोटो काढणाऱ्या मुली आता आहेत. गटाच्या मालाचे फोटो काढून ते मोबाइलवर पाठवणाऱ्या बायका आहेत. आणि या सगळ्यांचं जाणं-येणं दुचाकीवरून. कॅमेरा चालवायला कुणीतरी शिकवतं, तो बांधायला कुणी शिकवत नाही. आम्हालाही कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही नुकसान करून शिकलो.

आमच्या गटात आम्ही 12 जणी. दोन वर्षांपूर्वी आम्ही एक जुना कॅमेरा विकत घेतला, 31 हजाराला. 15 हजार गटाच्या बचतीतले, बाकी कर्ज. विचार असा होता की हळदी-कुंकू, वाढदिवस, छोटी लग्नं घ्यायची आणि त्यातून हप्ता फेडायचा. पहिले चार महिने तसं झालंही.

पाचव्या महिन्यात शेजारच्या गावचं एक लग्न मिळालं. 28 किलोमीटर अंतर, त्यातला निम्मा रस्ता खडीचा. आमच्यातली अक्का मोटारसायकल चालवते, नवऱ्याची जुनीच गाडी, पण हात पक्का. कॅमेऱ्याची पिशवी मागच्या कॅरिअरला ट्यूबच्या पट्टीने बांधली. दुधाचा कॅन बांधतो तशीच, चांगली आवळून. आम्ही सगळ्या तिथेच उभ्या होतो. एकीनेही हरकत घेतली नाही, उलट एकजण म्हणाली, "अजून एक फेरा मार, सैल नको."

लग्नात कॅमेरा चालू केला तर भिंगातून खरखर आवाज. चित्र एका बाजूला हलतंय, फोकस पकडत नाही. वरमाला पडली तेव्हा आमच्या हातात मोबाइल होता. लग्नघरच्यांनी निम्मे पैसे दिले, तेही त्यांचा चांगुलपणा. दुरुस्तीला पुण्याला पाठवलं, बिल आलं 4,600 रुपये.

मग गटाची बैठक. त्या बैठकीत आम्ही जे केलं ते सांगायला बरं वाटत नाही, पण सांगतो. आम्ही सगळ्यांनी अक्काकडे बघितलं. कुणी बोललं नाही, नुसतं बघितलं. ती म्हणाली, "मी बांधली ना? मग मीच भरते. शेळी विकते." आणि उठून गेली. पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही. गावात कुणीतरी म्हणालंच, बायकांच्या हातात महागाची वस्तू दिली की असंच व्हायचं. ते ऐकल्यावर आम्हाला राग आला तो त्या माणसाचा, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

नेमकं काय झालं हे समजून घ्यायला आम्ही दुरुस्ती करणाऱ्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, कॅमेरा पडलेला नाही, त्यावर ओरखडासुद्धा नाही. तो थरथरला आहे. आजकालच्या बऱ्याच भिंगांत हात हलला तरी चित्र हलू नये म्हणून आतली एक काच मोकळी, तरंगती ठेवलेली असते. गाडीची थरथर तासभर त्या काचेला मिळाली की तिची बैठक बिघडते. बारीक स्क्रू सैल होतात ते वेगळंच. म्हणजे पिशवी जितकी आवळून बांधावी तितकी थरथर नेमकी आत जाते. गाडी, कॅरिअर आणि कॅमेरा एकच वस्तू होऊन जातात. आम्ही जे काळजीने केलं होतं त्यानेच घात केला होता.

मोबाइलचंही तेच आहे. 2021 च्या सप्टेंबरमध्ये ॲपल कंपनीने आयफोन वापरणाऱ्यांसाठी सूचना काढली होती, की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलच्या हँडलला फोन लावू नका, त्या थरथरीने कॅमेरा बिघडू शकतो. स्कूटरवर लावायचाच असेल तर थरथर शोषणारा स्टँड वापरा, असंही त्यात होतं. महागड्या फोनची ही गत, तर आपला जुना कॅमेरा काय टिकणार?

ही माहिती घेऊन आम्ही पाचजणी अक्काच्या घरी गेलो. शेळी विकली नव्हती. बिल गटाने भरलं, पुढच्या तीन कामांतून. आणि त्या दिवशी नियम ठरला की कॅमेरा गाडीवर बसणार नाही, माणसाच्या अंगावर बसणार. माणसाचं शरीर थरथर पिऊन टाकतं. सीटचा फोम, आपली कंबर, पाठ, खांदे हे सगळं मध्ये येतं. गाडी चालवणारीच्या पाठीवर नको, मागे बसणारीच्या पाठीवर हवी. खड्डा दिसला की मागचीने जरा उचलून बसायचं, एवढं तिला जमतं.

पिशवीचं सांगतो. बाजारात कॅमेऱ्याच्या सॅक मिळतात, आम्हाला परवडली नाही. मुलाची शाळेची जुनी सॅक घेतली. आत कप्पे करायला आधी सोफ्याचा स्पंज घातला, तो फार मऊ, अंगठा दाबला की तळाला टेकतो. त्याचा उपयोग नाही. मग जुनी योगासनाची चटई कापली. तिला अंगठ्याने दाबलं की दबते, पण टेकत नाही. बाहेरून गोधडीचा तुकडा शिवला. गोधडी उघडी ठेवली तर सुताची तूस सुटते आणि भिंगावर बसते, म्हणून आतून गुळगुळीत अस्तर लावलं, ब्लाउजला लावतो तेच. सगळं मिळून 200 रुपयांच्या आत झालं.

भरताना बघायचं एकच, की कठीण वस्तू कठीण वस्तूला लागता कामा नये. चार्जर भिंगाला टेकला की रस्ताभर घासत राहतो. पिशवी भरून झाली की कानाजवळ धरून हलवा. आवाज आला तर पुन्हा भरा.

भिंग काढून न्यायचं की लावून, यावर आमच्यात दोन मतं आहेत. मोठं, जड भिंग असेल तर काढावं, नाहीतर जोडणीच्या कड्यावर भार येतो. पण आमचं भिंग लहान आहे, आणि आपल्या माणदेशातली धूळ तुम्हाला माहीत आहे. रस्त्याच्या कडेला भिंग बदलायला कॅमेरा उघडला की धूळ आतल्या पडद्यावर जाते, मग प्रत्येक फोटोत आभाळावर काळे ठिपके. म्हणून आम्ही लावूनच नेतो, भिंगाखाली चटईची घडी देतो. धूळ पुसायला रबरी फुगा ठेवलाय. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण उडतात. आणि पदराने तर अजिबात पुसू नका. हात सवयीने पदराकडे जातो, आमचाही जायचा.

तिपाई मात्र पाठीवर नको, सॅकमध्ये पाठीला समांतर तर नकोच. गाडी घसरली आणि पाठीवर पडलो तर तो लोखंडी दांडा मणक्यावर येतो. तिपाईला भिंग नाही, तिला थरथरीचं भय नाही. ती खुशाल गाडीला बांधा, ट्यूबच्या पट्टीनेच. सॅकचे लोंबणारे पट्टे, ओढणी, कॅमेऱ्याचा गळपट्टा हे सगळं आत खोचून मगच गाडीवर बसायचं. चाकात पट्टा गेला तर कॅमेरा राहू द्या, माणूस जातं.

स्कूटरवाल्या मैत्रिणी विचारतील, डिकी काय वाईट? डिकीच्या खाली इंजिन असतं. मे महिन्यात ती किती तापते हे तिच्यात चॉकलेट ठेवून बघा. आमच्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत 0 ते 40 अंश लिहिलंय, आपल्याकडे सावलीतच 40 होतात. बॅटरीला तर उष्णता सगळ्यात वाईट. आणि सुटी बॅटरी नाण्यांबरोबर, किल्ल्यांबरोबर टाकू नका, टोकं जुळली की ती तापते, पेटूही शकते. आम्ही प्रत्येक बॅटरीला वेगळी कापडी पिशवी शिवली आहे.

एवढी तयारी झाल्यावर मागच्या मे महिन्यात आम्ही लांबचा बेत केला. गुहागरकडे एक महिला गट रातांब्याचं आमसूल करून विकतो. आमच्या ज्वारीच्या पापडांना गावाबाहेर गिऱ्हाईक मिळत नव्हतं, त्यांचं आमसूल मुंबईपर्यंत जातं. ते सुकवतात कसं, भरतात कसं, लेबल कसं लावतात, सगळं बघायचं होतं. पण 12 जणी जाऊ शकत नव्हतो. कुणाची जनावरं, कुणाची सासू आजारी. चौघी जाणार आणि आठजणींसाठी चित्र आणणार असं ठरलं. त्या आठजणींनीही पेट्रोलची वर्गणी दिली होती. चित्र आलं नाही तर त्यांचे पैसे पाण्यात.

पिशवी कुणी घ्यायची हा प्रश्न निघाला. सगळ्यांनी अक्काचं नाव घेतलं. ती म्हणाली, "मी गाडी चालवते की." आम्ही म्हटलं, या वेळी नाही, या वेळी मागे बस. तिने बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, "भरताना सगळ्यांनी समोर पाहिजे. काय कुठं ठेवलं ते वहीत लिहा." तेव्हापासून वही सुरू झाली. कॅमेऱ्याचा नंबर, बिलाची तारीख, कोणत्या कप्प्यात काय, आणि खाली हजर असलेल्या सगळ्यांच्या सह्या. गाडीच्या नेहमीच्या विम्यात अशा सामानाची भरपाई मिळत नाही, तेव्हा बिल आणि नंबर आपणच जपायचा.

पहाटे साडेचारला म्हसवड सोडलं. दहिवडी, वडूज, पुसेसावळी करत कराड, तिथून पाटण, कोयनानगर. कोयनानगर सोडून कुंभार्ली घाटाला लागलो आणि वळवाचा पाऊस सुरू झाला. सॅकवर प्लॅस्टिकचं आवरण होतं, पण वाऱ्याने ते फडफडतं आणि पाणी पाठीच्या बाजूने शिरतं. म्हणून कॅमेरा आत आणखी एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून रबर लावलेला. आतलं प्लॅस्टिक हवंच, बाहेरचं नसलं तरी चालेल. अक्काने वरून रेनकोट घातला, कुबड आल्यासारखी दिसत होती.

घाटात चहाच्या टपरीवर थांबलो. समोर दरीत ढग उतरलेले. आम्ही म्हटलं, अक्का, काढ कॅमेरा, असं पुन्हा कधी दिसणार? तिने नकार दिला. आम्ही जरा चिडलोच. पण तिचं बरोबर होतं. घाटातल्या गारव्यात वस्तू थंड होते, आणि खाली चिपळूणच्या दमट हवेत ती उघडली की काचेवर दव धरतं, गार तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसं. ते दव आत धरलं तर पुसताही येत नाही. कोरडी पिशवी भर पावसात उघडायची नाही, आणि खाली पोचल्यावर तासभर बंदच ठेवायची, म्हणजे ती हळूहळू तिथल्या हवेला येते.

पिशवीत ओलावा शोषणारे दाणेही ठेवले होते, सिलिका जेल. रंग बदलणारे दाणे घ्या. केशरी दाणे हिरवे झाले की समजायचं ओलावा भरला. निळे दाणेही मिळतात, पण त्यांत कोबाल्ट असतं आणि ते अपायकारक, म्हणून केशरीच. टाकाऊ तव्यावर मंद आचेने तापवले की पुन्हा वापरता येतात, पण तो तवा मग स्वयंपाकाला नाही. तांदळात कॅमेरा ठेवा म्हणून सांगणारे भेटतील. तांदळाचं पीठ भिंगात गेलं तर काढायचं कुणी? कोकणातून परत आल्यावर कॅमेरा पिशवीतून काढून हवेशीर, उजेडाच्या जागी ठेवायचा. ओल्या पिशवीत आठवडाभर राहिला तर काचेवर बुरशी येते, कोळ्याच्या जाळ्यासारखी.

गुहागरला दुपारी पोचलो. त्या बायका रातांबे फोडत होत्या, सगळ्यांचे हात लालभडक. साली मिठाच्या रसात बुडवून उन्हात घालायच्या, सुकल्या की पुन्हा बुडवायच्या, असं पुन्हा पुन्हा. आम्हाला वाटायचं एकदा वाळवलं की झालं. अक्का घड्याळ लावून बसली होती. तास झाल्यावर तिने रबर सोडलं, भिंग उजेडाकडे धरून बघितलं, कानाजवळ नेऊन हलवलं. मग आमच्याकडे न बघता रातांब्याच्या पाट्यांकडे निघाली.

दोन कार्डं भरली. भरलेलं कार्ड कॅमेऱ्यात ठेवायचं नाही, हा आमचा शेवटचा नियम. एक कार्ड एकीच्या बटव्यात, दुसरं दुसरीच्या, दोघी वेगवेगळ्या गाड्यांवर. कॅमेरा गेला तर पुन्हा घेता येईल, त्या दोन दिवसांचं चित्रण पुन्हा मिळणार नव्हतं.

परत आल्यावर बैठकीत भिंतीवर पांढरी चादर लावून, शाळेचा प्रोजेक्टर मागून आणून ते सगळं दाखवलं. सासू आजारी असलेली आमची वहिनी पाकिटं भरण्याचा भाग तीनदा बघायला लावत होती. "थांबव, तिथं थांबव. ते पाकीट कशानं चिकटवतात?" आता आम्ही पापडाला तसंच जाड पाकीट वापरतो, वजन आणि तारीख छापलेलं. सध्या वडूजच्या दोन दुकानांत जातंय.

सॅकचा खालचा शिवण उसवलाय. पावसाळ्याआधी तो शिवायचाय, आणि अक्का म्हणते या वेळी दोरा नायलॉनचा घ्या.