हॅलोवीनची ट्रिप: आधी गप्प बसलेल्याला विचारा

आज भुतांबद्दल बोलूया. घाबरू नका, तिकीट काढून भेटणाऱ्या भुतांबद्दल.

गेल्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर मेसेज पडला. "31 ऑक्टोबर. शनिवार. इमॅजिका. हॅलोवीन. कोण कोण?" पाच मिनिटांत अकरा अंगठे! बारावी माझी मावसबहीण. तिने मेसेज वाचला, टिक निळ्या झाल्या, आणि उत्तर काहीच नाही.

ट्रिप कशी आखायची ते आज सांगतोच. पण खरा एपिसोड त्या न आलेल्या उत्तराचा आहे.

आधी तारखेचं बघू. हॅलोवीन म्हणजे 31 ऑक्टोबरची रात्र. मुळात आयर्लंडकडचा जुना सण, नंतर ख्रिस्ती कॅलेंडरला जोडला गेला. 1 नोव्हेंबर सर्व संतांचा दिवस, 2 तारीख मृतांच्या आठवणीची. आपल्याकडे शिवडीच्या कब्रस्तानात त्या दिवशी मेणबत्त्या लागतात, ते हेच. भोपळे आणि थीम पार्कमधली भुतं ही अमेरिकेची भर. ऑरलँडोच्या युनिव्हर्सलने 1991 ला अशा रात्री सुरू केल्या, सिंगापूरला 2011 पासून आल्या. आपल्यासाठी जवळचं ठिकाण म्हणजे खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका. 2013 ला सुरू झालं. तिथेही ऑक्टोबर संपता संपता हॅलोवीनचे कार्यक्रम होत आलेत. यंदाच्या तारखा आणि वेळा मात्र त्यांच्या साइटवर बघूनच तिकीट काढा, माझ्या भरवशावर नको.

माझी आजी म्हणाली, "ऐन दिवाळीत कसली रे भुतं?" मी म्हटलं, आजी, नरक चतुर्दशीला पहाटे अंगठ्याने कारीट फोडायला कोण लावतं? आणि गोव्यात तर त्या रात्री नरकासुराचे केवढाले पुतळे नाचवून जाळतात! 2024 ला नरक चतुर्दशी बरोबर 31 ऑक्टोबरला होती. यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे मध्ये आठवडा मिळतोय. आजी तेवढ्यावर तयार झाली.

आता आखणी. माझा एकच नियम आहे. सगळ्यात उत्साही माणसाच्या सोयीने प्लॅन करायचा नाही. जो गप्प बसलाय, त्याच्या सोयीने करायचा. कारण गप्प बसणं म्हणजे बहुतेक वेळा "नको", आणि त्या "नको"ची तीन कारणं असतात.

पहिलं, पैसे. 31 तारीख आहे मंडळी! कुणाचा पगार व्हायचाय, कुणाचा दिवाळी बोनस यायचाय. कुणी अजून घरच्यांकडेच मागतंय. ग्रुपवर फक्त तिकिटाचा आकडा टाकू नका. तिकीट, प्रवास, रिक्षा, आतलं जेवण, लॉकर, सगळं मिळून माणशी किती, तो एकच आकडा टाका. आणि "जमत नसेल तर मला पर्सनलला सांगा" ही ओळ लिहा. चारचौघांत कुणी म्हणत नाही की परवडत नाही. तो म्हणतो, "अरे, त्या दिवशी काम आहे."

दुसरं, वेळ. आपण लालबाग-परळ-गिरगावची माणसं. रात्री एकला चालत घरी यायची सवय. खोपोली तशी नाही! गिरगावकरांनी चर्नी रोडवरून दादरला येऊन मध्य रेल्वे पकडायची. लालबागकरांनो, करी रोड-चिंचपोकळीला फास्ट थांबत नाही, भायखळा नाहीतर दादर गाठा. थेट खोपोली लोकल मोजक्याच. नाहीतर कर्जतला उतरून बदलायची, मग पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. तिथून पुढे रिक्षा, भाडं बसायच्या आधी ठरवायचं. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉक आधी तपासा.

म्हणून आमच्याकडे प्लॅन उलटा होतो. आधी परतीची गाडी. खोपोलीहून शेवटची कुठली ते बघायचं आणि तिच्या आधीची पकडायची असं ठरवायचं. त्यातून रिक्षाचा वेळ वजा केला की पार्कमधून निघायची वेळ मिळते. ती वेळ घरी सांगायची. मुलींना घरून "हो" मिळवायला कळकळीच्या भाषणापेक्षा हा एक मेसेज जास्त कामाला येतो. आणि बारा जण पक्के असाल तर दादरहून गाडी ठरवून जाण्याचा हिशेब एकदा करून बघा, माणशी फरक कमी निघू शकतो.

दिवसाचा क्रमही ठरवा. ऑक्टोबरचं ऊन डोकं फिरवतं, आणि परतीचा पाऊस संध्याकाळी विजा घेऊन आला तर उघड्यावरच्या राइड थांबू शकतात. म्हणून नायट्रो सकाळीच. ही रोलर कोस्टर 132 फूट उंच, पायाखाली फरशी नाही. वडापाव आधी नाही, नंतर! दुपारी सावलीतलं, म्हणजे अंधारातली डीप स्पेस वगैरे. भुताटकीचा सलीमगढ आणि हॅलोवीनचा कार्यक्रम संध्याकाळी.

मुखवटे नेणार असाल तर बॅगेत ठेवा. लोकलच्या दारात उभ्या माणसाला दचकवणं ही मस्करी नाही, जीव जाईल एखाद्याचा.

आणि तिसरं कारण, भीती.

हे सांगायला मला जरा जड जातंय. तीन वर्षांपूर्वी आम्ही एका जत्रेत गेलो होतो. तिथे भूतबंगला होता. मावसबहीण म्हणत होती, "मी बाहेर थांबते." आम्ही म्हटलं, "काय गं, एवढी टरकतेस?" आणि दोघांनी तिचे हात धरून आत नेलं. आत कुणीतरी अंगावर आलं आणि ती तिथेच खाली बसली. कान दाबून. आम्ही हसत होतो. मी तर व्हिडिओ काढत होतो. ग्रुपवर टाकला, त्यावर हसणारे चेहरे आले. ती काही बोलली नाही. त्यानंतर ती आमच्याबरोबर कुठेच आली नाही, आणि आम्ही म्हणत राहिलो, "ती हल्ली बिझी असते."

भीतीची मजा कधी येते? बाहेर पडायचं दार आपल्या हातात असतं तेव्हा. मुखवट्यामागे माणूस आहे हे मनाला माहीत असतं, छाती मात्र धडधडते, म्हणून हसू येतं. तेच दार दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलं की मजा संपली. मग भूत मुखवट्यातलं राहत नाही. त्या दिवशी तिच्यासाठी भूत आम्ही होतो.

या वेळी मी तिला ग्रुपवर टॅग केलं नाही. फोन केला. व्हिडिओ डिलीट केलाय, सॉरी, हे आधी सांगितलं. मग विचारलं, "यायचंय का? भुताटकीच्या वेळी बाहेर थांबायचं असेल तर मी थांबेन तुझ्याबरोबर. आणि या वेळी कॅमेरा कुणाच्या तोंडावर धरायचा नाही असं ठरवलंय."

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "नायट्रोला बसणार मी. तू बसशील का ते सांग."

(हसू) आता खरं सांगतो मंडळी, 132 फूट ऐकूनच माझ्या पोटात गोळा आलाय. बहुतेक खाली बॅगा सांभाळत मीच उभा असेन. आणि माझाही व्हिडिओ कुणी काढायचा नाही, नियम म्हणजे नियम!

तर तुमच्या ग्रुपवर हॅलोवीनचा मेसेज पडला की अंगठे मोजत बसू नका. गप्प कोण आहे ते बघा, आणि त्याला एक फोन करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!