संधिसाधू बुरशी

पावसाळ्यात शिळ्या भाकरीवर एकदोन दिवसांत करड्या रंगाची लव उगवते, हे घरोघरी दिसणारे दृश्य आहे. अशा बुरशींचे बीजाणू हवेत, मातीत आणि कुजत्या पाल्यात सदैव असतात. प्रत्येक मनुष्य ते श्वासाबरोबर आत घेतो आणि तरीही आजारी पडत नाही. कारण रक्तातील श्वेतपेशी या आगंतुकांचा तेथल्या तेथे निकाल लावतात. हा पहारा ढिला पडला, म्हणजे मात्र एरवी निरुपद्रवी असणारी बुरशी प्राणावर उठते. अशा रोगांना 'संधिसाधू संसर्ग' हे नाव यथार्थ आहे.

त्याचे दारुण प्रत्यंतर २०२१ साली भारतात आले. कोविडच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस हा रोग पसरला. जूनअखेर ४० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली व तीन हजारांहून अधिक दगावले. गुजरात व महाराष्ट्र यांना त्याची झळ विशेष लागली; वडोदरे आणि इंदूर येथील मोठ्या सरकारी रुग्णालयांत स्वतंत्र कक्ष उघडावे लागले.

असे का व्हावे? रक्तातील साखर बेसुमार वाढली, की श्वेतपेशींचे बळ खचते आणि बुरशीला पोषण मिळते. कोविडमध्ये अत्यवस्थ रुग्णांचे प्राण स्टेरॉइडने वाचविले, हे खरे. पण तेच औषध साखर वाढविते आणि प्रतिकारशक्ती दडपते. नोंदलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६४ टक्के मधुमेही होते, तर निम्म्याहून अधिकांना स्टेरॉइड दिलेले होते. दोष औषधाचा नव्हे, त्याच्या अविचारी वापराचा होय.

लोकांनी या रोगास 'काळी बुरशी' म्हटले. वस्तुतः बुरशी काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तप्रवाह रोखते. त्यामुळे मांस मृत होऊन काळे पडते. नाकातून ती डोळ्याकडे व मेंदूकडे सरकते. हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाही. तेव्हा रुग्णास वाळीत टाकणे हा निव्वळ अन्याय ठरतो.

उपचार आहेत, परंतु ते कठीण आहेत. मृत भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो. प्रसंगी डोळाही गमवावा लागतो. अँफोटेरिसिन बी हे औषध बुरशीच्या पेशीचे आवरण सच्छिद्र करते, पण मूत्रपिंडांवर त्याचा ताण पडतो. २०२१ साली त्याचा तुटवडा पडला, तेव्हा आप्तांना गावोगाव भटकावे लागले.

म्हणून सावधपणा हाच खरा आधार. मधुमेह असलेल्याने साखर आटोक्यात ठेवावी आणि वैद्याच्या सल्ल्यावाचून स्टेरॉइड घेऊ नये. चेहऱ्याची एक बाजू दुखणे वा बधिर होणे, नाकातून काळसर स्राव येणे, दात हलू लागणे, एकाचे दोन दिसणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले, तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बुरशी संधीची वाट पाहत असते. तिला ती न देणे पुष्कळ अंशी माणसाच्या हाती आहे.