मुक्कामी गाडीचं भारमान



एसटीच्या आगारात 'भारमान' हा शब्द रोज कानावर पडतो. गाडीतल्या आसनांपैकी किती भरली, त्याचं हे प्रमाण. ते घसरलं की फेरीवर गदा येते.

मुक्कामी गाडीचंच घ्या. रात्री आठ-नऊला ती गावात शिरते तेव्हा आत जेमतेम चार-पाच माणसं असतात. चालक-वाहक देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर पथारी टाकतात. पहाटे हीच गाडी शाळेची पोरं, बाजाराच्या पाट्या आणि तालुक्याच्या दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या घेऊन गच्च भरून सुटते. रात्रीची फेरी तोट्याची म्हणून बंद केली, तर पहाटेची सुटणार कुठून?

एसटी नसेल तर उरते वडाप, म्हणजे खाजगी प्रवासी जीप, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. त्या चालकाला मी दोष देत नाही, डिझेल त्याच्या खिशातून जातं. पण बारावीच्या पेपराला निघालेल्या मुलीला जीप भरायची वाट बघत बसता येत नाही. तिला वेळापत्रक लागतं, आणि वेळापत्रक म्हणजे रिकामी असली तरी गाडी सोडायची हमी.

१ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे मोठ्या मार्गांच्या कमाईवर वाड्यावस्त्यांच्या फेऱ्या निघाल्या. आज त्या कमाईच्या मार्गांवर खाजगी आरामगाड्या आहेत आणि आडवळणाचे रस्ते एसटीच्या वाट्याला. मग तोटा एसटीचा कसा म्हणायचा?

खाजगी माणसाने गाडी चालवूच नये, असं माझं म्हणणं नाही. मँचेस्टरमध्ये १९८६ साली बससेवा खाजगी कंपन्यांना खुली केली गेली. चालत्या रस्त्यांवर बसगाड्यांची गर्दी झाली आणि न परवडणाऱ्या फेऱ्या सरकारी पैशांवर चालवाव्या लागल्या. जानेवारी २०२५ पर्यंत तिथल्या सगळ्या बसगाड्या पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आल्या. आजही त्या कंपन्याच चालवतात, मात्र मार्ग, वेळा आणि भाडं लोकनियुक्त यंत्रणा ठरवते. हा अधिकार आपणही हातचा सोडू नये.

तुमच्या गावची फेरी बंद होणार असं कळलं, तर ग्रामसभेत ठराव करा. आगार व्यवस्थापकांना लेखी विचारा: भारमान कोणत्या फेरीचं मोजलंत, रात्री येतानाचं की पहाटे जातानाचं?