डाव्या हाताचा अंगठा

(बाजाराच्या दिवशीं पारावर जमलेल्या शेतकरी, कारागीर व मजूर मंडळींपुढें झालेलें भाषण)



आमच्या आळींतला एक पंचवीस वर्षांचा पोरगा कापसाच्या जिनांत कामाला होता. गेल्या हंगामांत यंत्राच्या पट्ट्यांत हात सांपडून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला. मालकानें गाडी काढून त्याला दवाखान्यांत नेलें, बिल भरलें, वर रोख पांच हजार रुपये व जोंधळ्याचें एक पोतें घरीं धाडलें. पाठोपाठ मुकादम एक कागद घेऊन आला. पोरगा दहावीपर्यंत शिकलेला. पण उजव्या हातानें सही करतां येईना, म्हणून डाव्या हाताचा अंगठा उठवून घेतला. कागदांत मजकूर असा कीं, मला सर्व कांहीं पावलें, माझी कांहीं तक्रार नाहीं. आम्ही समाचाराला गेलों तेव्हां त्याची आई म्हणाली, "मालक देवमाणूस हो! दुसऱ्या कुणीं विचारलंसुद्धां नसतं."

अंगठा गेल्याचें दुःख आहेच. पण त्या माउलीचें हें बोलणें आमच्या जिवाला अधिक लागलें. जें हक्काचें, तें आपण पदर पसरून घेतों आणि वर देणाराला दुवा देतों.

आतां त्या अंगठ्याचा हिशेब ऐका. कामावर अपघात होऊन जो माणूस कायमचा व पुरता निकामी होतो, त्याच्या महिन्याच्या पगाराचे शेंकडा ६० धरून त्याला वयाप्रमाणें ठरविलेल्या आंकड्यानें गुणायचें, अशी कायद्याची रीत आहे. पंचविसाव्या वर्षाचा आंकडा २१६.९१. पोराचा पगार १२,००० रुपये. त्याचे शेंकडा ६० म्हणजे ७,२००. गुणाकार १५,६१,७५२ रुपये. एक अंगठा गेला तर कमाईची शक्ति शेंकडा ३० गेली, असें कायद्याच्या कोष्टकांतच छापलेलें आहे. तेव्हां त्याच्या वांट्याला ४,६८,५२५ रुपये येतात. त्यांतून पांच हजार वजा करा, पोत्याची किंमतहि धरा, आणि देवमाणसाच्या तिजोरींत किती राहिले तें घरीं जाऊन पोरांकडून मांडून घ्या. दवाखान्याचें बिल भरलें तीहि मेहेरबानी नव्हे. २००९ च्या दुरुस्तीपासून तो खर्च मालकाच्याच माथीं आहे.

ही मागणी आजची नाहीं. १८८४ सालीं 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनीं मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून ५,५०० सह्यांचा अर्ज केला. त्यांत रविवारची सुट्टी मागितली होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांति मागितली होती, हें पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्यांतच आणखी एक कलम होतें: कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पुरा पगार द्यावा, आणि जो जन्माचा लुळा झाला त्याच्या पोटाची सोय करावी. रविवार १८९० सालीं मिळाला. भरपाईचा कायदा व्हायला मात्र १९२३ साल उजाडलें, आणि अंमल १ जुलै १९२४ पासून. चाळीस वर्षें! आतां तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेंत घातला आहे व ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. गुणाकाराची रीत तीच ठेवली आहे.

पण 'तुझ्याच चुकीनें झालें' असें मालकानें म्हटलें कीं आमचा माणूस खालीं मान घालतो. अहो, नुसत्या निष्काळजीपणानें हक्क बुडत नाहीं! दारू पिऊन काम केलें, हुकूम जाणूनबुजून मोडला किंवा यंत्राचें संरक्षण मुद्दाम काढून टाकलें, तरच मालकाला नाकारतां येतें. मृत्यु आला किंवा माणूस कायमचा व पुरता निकामी झाला तर तेंहि चालत नाहीं. 'तो ठेकेदाराचा माणूस' हें दुसरें निमित्त. काम मालकाच्या धंद्याचें असेल तर मजुराला मालकाकडूनहि मागतां येतें. आणि त्या अंगठ्याच्या कागदाचें काय? हक्क सोडून देण्याचा करार कायद्यानें रद्दबातल आहे. मृत्यूची रक्कम तर सरकारनें नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच भरावी लागते. विधवेच्या हातीं परस्पर कांहीं टेकवून मालक मोकळा होत नाहीं. (जिथें राज्य कामगार विम्याची वर्गणी कापतात, तिथें भरपाई मालकाकडून नव्हे, विमा महामंडळाकडून मागावी. हा जिन त्यांत येत नव्हता.)

आतां एक कडू गोष्ट सांगतों, रागवूं नका. आपल्यापैकीं कित्येकांच्या खळ्यावर मळणीयंत्र चालतें आणि त्यावर दुसऱ्याच्या घरची लेकरें पेंढ्या सारतात. मळणीयंत्रांनीं इतके हात खाल्ले कीं १९८३ सालीं धोकादायक यंत्रांचा निराळा कायदा करावा लागला. यंत्राच्या शेतीवरचा मजूरहि भरपाईला पात्र आहे. म्हणजे त्या खळ्यावर मालक आपणच. तिथें अपघात झाला तर आपणहि जोंधळ्याचें पोतेंच धाडणार काय?

त्या पोराचें प्रकरण अजून गेलेलें नाहीं. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आंत करावा लागतो, आणि आपली मुदत बाकी आहे. दवाखान्याचे कागद आम्हीं पोराच्या आईकडून मागून ठेवले आहेत, हजेरीच्या चिठ्ठ्या मिळाल्या आहेत, मालकाला लेखी नोटीस रजिस्टर टपालानें गेली आहे. उणीव साक्षीची आहे. त्या दिवशीं पट्ट्यापाशीं उभे असलेले दोघे जण या सभेंतच बसले आहेत. त्यांचीं नांवें आम्ही इथें घेत नाहीं. त्यांनाहि पोटें आहेत. येत्या सोमवारीं सकाळच्या एस.टी.नें आम्ही त्या मायलेकरांना घेऊन जिल्ह्याच्या कामगार कचेरींत जाणार आहों. गाडी साडेसातला सुटते. दोन जागा धरून ठेवतों.