बारडोलीचे आकडे कोणाचे?



बारडोलीत व्यासपीठावर उभा राहिलेला प्रत्येक वक्ता 1928 च्या सत्याग्रहाला हात जोडतो, सरदार पटेलांचे नाव घेतो आणि आपल्या विषयाकडे वळतो. आजचा विषय विद्यापीठांवर पडणाऱ्या लष्करी आणि उद्योगांच्या दाबाचा आहे, आणि त्यासाठी त्या सत्याग्रहापाशीच थोडे थांबावे लागेल. साराबंदी नंतर आली. आधी इथे भांडण झाले ते आकड्यांवरून.

डेप्युटी कलेक्टर जयकर यांनी तालुक्याची पाहणी करून शेतसारा 30 टक्क्यांनी वाढवावा, अशी शिफारस केली. सरकारने सुमारे 22 टक्के कायम केले. गांधीजींचे सहकारी नरहरी पारीख यांनी त्या अहवालातले हिशेब तपासले आणि त्यांतल्या चुका लेख लिहून चव्हाट्यावर आणल्या. लढ्यानंतर सरकारला चौकशी नेमावी लागली. मॅक्सवेल आणि ब्रूमफील्ड हे दोन इंग्रज अधिकारी त्या कामावर होते. ब्रूमफील्ड म्हणजे 1922 मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. दोघे गावोगाव फिरले, शेतकऱ्यांशी बोलले, खंडाचे आकडे भरवशाचे नाहीत असे त्यांना आढळले आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. अहवाल तपासणाऱ्या पारीखांची भाकरी सरकारी तिजोरीतून येत नव्हती, ही गोष्ट यात फार महत्त्वाची आहे.

गांधीजींनी 1920 मध्ये अहमदाबादेत गुजरात विद्यापीठ काढले तेही असेच, सरकारी अनुदान नाकारून. तिथे मराठी माणसेही होती. पाली भाषेचे पंडित धर्मानंद कोसंबी तिथे शिकवत होते. साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकर तिथले कुलनायक झाले. त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी मातर तालुक्यातल्या गावांची आर्थिक पाहणी केली. ती 1931 मध्ये छापून आली. शेतकऱ्याच्या घरात किती येते आणि किती जाते, हे सरकारला न विचारता मोजण्याची ती धमक होती. पण ऑक्टोबर 2022 मध्ये गुजरातचे राज्यपाल त्याच संस्थेचे कुलपती झाले आणि नऊ विश्वस्तांनी राजीनामे दिले. ही निवड राजकीय दबावाखाली झाल्याचे त्यांचे म्हणणे होते.

बारडोलीत आणखी एक मोजणी झाली. ती कमी लोकांना ठाऊक आहे, आणि ती आपल्या घरची आहे.

इथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला, सत्याग्रही शेतकऱ्यांची पुढची पिढी मालक झाली. ऊस तोडायला मात्र खानदेशातून, डांगातून माणसे आली. एक कोयता म्हणजे एक जोडपे. नवरा बुडख्याशी वाकून ऊस तोडतो, बायको पाचट काढते, सोबतचे लेकरू मोळीला हात लावते. थंडीत हातांना भेगा पडतात. मजुरी टनावर, आणि मुकादमाकडून पावसाळ्यातच घेतलेली उचल हंगामभर फेडायची. यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ 1962 पासून दक्षिण गुजरातच्या गावांत राहून काम करत होते. बारडोलीच्या या तोडणी मजुरांवर त्यांनी 1978 मध्ये सविस्तर लिहिले आणि 1990 मध्ये पुन्हा लिहिले. दुसऱ्या लेखाच्या मथळ्यातच या माणसांपेक्षा कुत्री बरी, असा उद्गार आहे. ब्रेमन यांचा पगार कारखान्याच्या गल्ल्यातून निघत नव्हता.

हे वाचताना मराठी माणसाला वेदना व्हायला हव्यात. मजूर अहिराणी, भिली, मराठी बोलणारे; त्यांच्या घामाचा हिशेब मांडला तो परदेशी माणसाने, इंग्रजीत. आपल्याकडे कितीतरी तालुक्यांत कारखाना, बँक आणि महाविद्यालय एकाच घराभोवती उभे आहे. तिथल्या तरुण प्राध्यापिकेने तोडणी मजुरांच्या मजुरीवर प्रबंध लिहायचा म्हटले, तर तिला कोणी नाही म्हणत नाही. तिचा विषय आपोआप बदलतो. ‘ऊस उत्पादकता आणि ठिबक सिंचन’ असे काहीतरी होते. या आपोआप होण्याची सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण त्याविरुद्ध कुठे अर्जही करता येत नाही.

लष्करी बाजूचे उदाहरणही आपल्याच माणसाचे आहे. धर्मानंदांचे चिरंजीव दामोदर कोसंबी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणितज्ञ होते. संस्था 1945 मध्ये टाटा ट्रस्टच्या पैशावर सुरू झाली आणि पुढे देशाच्या अणुकार्यक्रमाचा पाळणा बनली. कोसंबी शांतता चळवळीत होते. या देशाला अणूपेक्षा सूर्याची ऊर्जा परवडेल, असे ते उघडपणे मांडत होते. 1962 मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. गणितातला त्यांचा एक फसलेला दावाही त्याला कारण होता, असे म्हणतात, आणि ते सांगितलेच पाहिजे. पण अणुशक्तीला अग्रक्रम देणाऱ्या छपराखाली सौरऊर्जेचा आग्रह धरणाऱ्याला जागा उरली नाही, हेही खरे. आज छताछतावर सौरपट्ट्या दिसतात, तेव्हा कोसंबींची आठवण यावी.

अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः सेनानी होते. जानेवारी 1961 मधल्या निरोपाच्या भाषणात त्यांनी लष्कर आणि शस्त्रउद्योग यांच्या युतीचा इशारा दिला, तो सर्वांना माहीत आहे. त्याच भाषणात ते विद्यापीठांबद्दलही बोलले होते: सरकारी कंत्राट हेच संशोधकाच्या कुतूहलाची जागा घेऊ लागले आहे. आपल्याकडे 2017 मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या कुलगुरूंनी आवारात रणगाडा ठेवण्यासाठी मंत्र्यांकडे मदत मागितली. सैनिकांच्या बलिदानाचा आदर प्रत्येक घरात आहे, असायलाच हवा. तो आदर संरक्षणाच्या खर्चावर प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला गप्प करण्यासाठी वापरला जाऊ नये.

आणि उद्योगांचा पैसा? त्याला सरसकट वाईट म्हणणे अन्याय होईल. टाटांच्या दानाशिवाय 1936 मध्ये मुंबईत समाजकार्याचे शिक्षण सुरू झाले नसते. पण त्याच शिक्षणातून उभ्या राहिलेल्या टाटा समाजविज्ञान संस्थेत 28 जून 2024 रोजी शंभराहून अधिक शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना कळवले गेले की दोन दिवसांनी तुमची नोकरी संपते. त्यांचे पगार टाटा ट्रस्टच्या अनुदानातून होत आणि ते पुढे मिळण्याची खात्री नव्हती. तुळजापूरच्या केंद्रातले लोकही त्यांत होते. गदारोळ झाला, 30 जूनला नोटिसा मागे घेतल्या. पण वर्षा-वर्षाच्या करारावर शिकवणारा माणूस वर्गात किती मोकळे बोलेल, याचे उत्तर त्या दोन दिवसांत मिळाले. मार्च 2021 मध्ये राजकीय विचारवंत प्रताप भानू मेहता यांनी अशोका विद्यापीठ सोडले. आपले तिथे असणे संस्थेला राजकीय ओझे वाटते, असे त्यांनी राजीनाम्यात लिहिले होते. विद्यापीठ नावाजलेले, देणगीदार उदार, तरीही.

म्हणून या व्यासपीठावरून दोन मागण्या. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्याला मिळालेल्या देणग्या आणि संशोधनाचे करार, त्यांच्या अटींसह, सूचनाफलकावर लावावेत. निष्कर्ष छापणे थांबवण्याचा अधिकार कोणाला दिला आहे, ते त्यांत स्पष्ट असावे. दुसरी मागणी बारडोलीसाठी आहे. सुरतचे वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ आणि जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ यांनी मिळून तोडणी मजुरांची नवी पाहणी करावी, कारखान्याचा एकही रुपया न घेता. अहवाल गुजरातीत आणि मराठीत छापावा, आणि तो मजुरांच्या पडावावर वाचून दाखवावा.

खानदेशातल्या प्राध्यापकांनो, तुमच्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी मुलांचे आईवडील इथल्या उसाच्या फडात राबतात. त्यांच्यापासून सुरुवात करा. तोडणीचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो.