वाटीतल्या गोळ्या
(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक सभेतील भाषण)



मी ए विंगमधली. बत्तीस वर्षं नर्स होते, म्हणून इथे मला सगळे 'सिस्टर'च म्हणतात. आज मला आरोग्यावर बोलायला सांगितलंय. उपदेशाऐवजी माझीच चूक सांगते.

सोसायटीला सात वर्षं झाली होती. त्या पावसाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं झाकण तुटलेलं होतं. आपल्याकडे चौघांना मलेरिया झाला, त्यात मी एक. क्लोरोक्विनच्या दहा गोळ्या मिळाल्या: चार, चार, दोन अशा तीन दिवसांच्या. दुसऱ्या दिवशीच्या चार विसरू नयेत म्हणून मी सकाळीच वाटीत काढून टीपॉयवर ठेवल्या आणि चहा टाकायला आत गेले. बाहेर येते तो वाटीत दोन गोळ्या, एक ओली होऊन सतरंजीवर. चौथी कुठेच नाही. शेजारी माझा दीड वर्षाचा नातू, तोंड वाकडं करून बसलेला.

कडू गोळी मूल थुंकेल असं आपण धरून चालतो. त्यानं एक थुंकली, एक गिळली.

दहा किलोच्या मुलाला मलेरियात डॉक्टर एका वेळी शंभर मिलिग्रॅम क्लोरोक्विन देतात. माझ्या एका गोळीत दीडशे होतं. दोन गोळ्यांत तीनशे, आणि तेवढ्यानं बाळ दगावू शकतं. औषध आणि विष यांत एवढंच अंतर! शिवाय ते रक्तात फार लवकर भिनतं. तासा-दोन तासांत गुंगी, झटके, हृदयाचे ठोके बिघडणं, श्वास थांबणं.

सून मिठाचं पाणी करायला धावली. मी तिला थांबवलं. उलटी काढताना झटका आला तर ती श्वासनलिकेत जाते. बी विंगमधल्या काकांनी ऑफिसची बॅग टाकून गाडी काढली. वाटेतच नातवाची मान कलली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "कोणती गोळी? किती?" पाकीट आणि ओली गोळी माझ्या रुमालात होती, म्हणून नेमकं सांगता आलं. ईसीजी, रक्तातलं पोटॅशियम, रात्रभर मॉनिटर. पहाटे त्यानं पाणी मागितलं.

आज क्लोरोक्विन कमी घरांत असेल. पण त्याचंच भावंड, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, संधिवातासाठी आपल्या कितीतरी आजी घेतात. 2020 साली कोरोनाच्या भीतीनं आणलेल्या गोळ्याही काही कपाटांत अजून असतील. म्हणून हात जोडून विनंती: गोळ्या पाकिटातच ठेवा, कुलपात ठेवा. पर्समध्ये, उशाखाली नको. उरलेल्या साठवू नका. औषधाला 'चॉकलेट' म्हणू नका. मुलानं गोळी खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. पाकीट घ्या आणि थेट हॉस्पिटल गाठा. गाडी नसेल तर 108.

आणि कमिटीला एकच मागणं, टाक्यांची झाकणं दर पावसाळ्याआधी बघा.

तो नातू आज मागे उभा राहून हा माइक सांभाळतोय. काकांचे आभार त्या दिवशी मानायचे राहिले होते. ते आज सगळ्यांसमोर मानते.