प्रवाळाच्या पेटीवरील दिवा



घरातील काचेच्या पेटीत खारे पाणी भरून त्यात जिवंत प्रवाळ वाढविण्याचा छंद जर्मनी, अमेरिका आदी देशांत चांगलाच रुजलेला आहे. या छंदातील मोठा खर्च दिव्याचा, आणि पुष्कळदा पहिली चूकही दिव्याचीच. दुकानात जो दिवा डोळ्यांस अधिक लखलखीत वाटतो तो घरी येतो, आणि थोड्याच महिन्यांत पेटीतील प्रवाळ पांढरे पडून मरू लागते.

प्रवाळ दिसावयास झाडासारखे असले तरी तो प्राणी आहे. त्याच्या शरीरात सोनेरी-तपकिरी रंगाची सूक्ष्म शैवाले बिऱ्हाड करून राहतात. प्रकाशाच्या साहाय्याने ती अन्न तयार करतात आणि त्यातील बराचसा भाग घरमालकास भाड्यादाखल देतात. काही जातींत प्रवाळाच्या गरजेचा नऊ-दशांश भाग या भाड्यातूनच भागतो. म्हणजे पेटीवरचा दिवा ही शोभेची वस्तू नसून ते प्रवाळाचे ताट आहे. प्रकाश अपुरा पडला की प्रवाळ उपाशी राहते. एकाएकी अति झाला की ते या शैवालांस बाहेर घालविते आणि पांढरे पडते.

या छंदाच्या आरंभी दिव्याचा प्रश्नच नव्हता. जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ साली एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत प्रसिद्ध केली. समुद्रातील सजीव खडक, हवेचे बुडबुडे आणि खिडकीतून येणारे ऊन, एवढीच त्यांची सामग्री. परंतु जाकार्ता विषुववृत्तानजीक आहे. जर्मनीतील हिवाळ्यात तसे ऊन कोठून यावयाचे? तेथे सूर्याची जागा दिव्यास घ्यावी लागली.

आता दिवा निवडावयाचा कसा? पहिली गोष्ट रंगाची. समुद्राचे पाणी तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषून घेते. निळा मात्र खोलवर जातो. प्रवाळातील शैवालेही निळ्या प्रकाशाचा उत्तम उपयोग करतात. म्हणून या पेटीवर घरातल्या पिवळट दिव्यापेक्षा निळसर पांढरा, साधारण १०,००० ते २०,००० केल्विनचा दिवा लावतात. केवळ निळ्या दिव्याखाली प्रवाळ हिरवेगार चमकते व गिऱ्हाईक भुलते. पण ती चमक प्रवाळातील विशिष्ट प्रथिनांची असते, वाढीची खूण नव्हे.

दुसरी गोष्ट तीव्रतेची, आणि खरी मेख येथेच आहे. दिव्यावरील वॅटचा आकडा किती वीज जळते एवढेच सांगतो. मनुष्याच्या डोळ्यास हिरवा-पिवळा प्रकाश अधिक जाणवतो, त्यामुळे डोळ्याचा निर्णयही कामाचा नाही. ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील किती प्रकाशकण प्रवाळापर्यंत पोहोचतात, हे मोजावे लागते. त्याचे मापक पाण्यात, प्रवाळाच्या जागीच धरावयाचे असते. एक चौरस मीटरवर दर सेकंदास ५० ते १०० मायक्रोमोल प्रकाश मिळाला तरी अनेक मऊ प्रवाळांचे भागते. फांद्याफांद्यांच्या अ‍ॅक्रोपोरास २०० ते ३५० लागतो. एकाच पेटीत अ‍ॅक्रोपोरा वर व मऊ प्रवाळ तळाशी ठेवतात ते याच कारणाने.

मेटल हॅलाइडचे जुने दिवे जोमदार होते, पण पाणी तापवीत. ट्यूबलाइटचा प्रकाश सम पसरतो. मात्र नळ्या सुमारे वर्षाने बदलाव्या लागतात, कारण नळी पेटत राहिली तरी तिचा प्रकाश घटलेला असतो. आज एलईडीचे दिवे अधिक चालतात. ते वीज कमी घेतात, पाणी कमी तापवितात आणि त्यांची तीव्रता हळूहळू वाढविता येते. दोष एवढाच की एका बिंदूतून येणाऱ्या प्रकाशाने फांद्यांखाली गडद सावली पडते. म्हणून एका मोठ्या दिव्यापेक्षा लांबवर मांडलेले अनेक लहान दिवे बरे.

दिवा नवीन असल्यास तो अर्ध्या तीव्रतेवर सुरू करून तीन-चार आठवड्यांत वाढवीत न्यावा. आठ ते दहा तास प्रकाश पुरे. रात्र अंधारीच हवी. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील संशोधकांनी दिवसाची लांबी, पाण्याचे तापमान व चंद्रकलांचा मंद उजेड यांची हुबेहूब नक्कल केली. त्यामुळे बंद पेटीतील अ‍ॅक्रोपोराच्या चार जातींनी बीजांडे सोडली; त्याचा शोधनिबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला.

गोव्यातील ग्रँडे बेटाजवळ प्रवाळ आहे, तसे मालवणच्या किनाऱ्यालगतही आहे. तेथील पाणी पावसाळ्यात गढूळ होते. ग्रँडेजवळ आढळणारे टर्बिनेरिया हे प्रवाळ अंधूक पाण्यात ताटासारखे पसरते, म्हणजे मिळेल तेवढा प्रकाश झेलता येतो. अशा प्रवाळास पेटीत प्रखर दिव्याखाली ठेवले तर तो जाच ठरेल. पण हा प्रयोग कोणी करू नये. खडक बांधणाऱ्या सर्व प्रवाळांना २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले असून त्यांचा तुकडा तोडणे वा विकणे हा गुन्हा आहे. जाळ्यात अडकून आलेला जिवंत तुकडाही शाळेच्या पेटीसाठी घरी न नेता जागीच पाण्यात सोडावा. ज्यांना प्रवाळ पाहावयाचे आहे त्यांनी पावसाळा सरून पाणी निवळल्यावर ग्रँडेकडे जावे. तेथे दिव्याची गरज पडत नाही.